औषधाला दाद न देणारा जंतू

प्रश्न असा आहे: ‘चागास रोगाच्या परजीवीमध्ये औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे’ असं वाक्य वाचलं. इथे प्रतिकारशक्ती बरोबर, की प्रतिकार, की प्रतिरोध? (चागास हा मुख्यतः लॅटिन अमेरिकेतला, ढेकणासारख्या किड्यांमधून पसरणारा रोग; त्याचा परजीवी म्हणजे एक एकपेशीय जंतू.)

प्रतिकारशक्ती मुळीच नाही. ती रोगाशी झुंजणाऱ्या शरीराची. ती जंतूच्या पदरात टाकली की कोण कोणाशी लढतंय तेच कळेनासं होतं. ‘मला त्या अँटिबायोटिकची प्रतिकारशक्ती आलीय’ असं लोक सर्रास बोलतात, ते याच घोळातून. अहो, औषध निकामी ठरतं ते जंतूपुढे, तुमच्यापुढे नव्हे!

‘प्रतिकार’ची गंमत वेगळीच. संस्कृतात प्रतीकार म्हणजे इलाजसुद्धा. भर्तृहरी ‘प्रतीकारो व्याधेः’ म्हणतो, तिथे व्याधीवरचा उताराच अभिप्रेत आहे. त्या हिशेबाने ‘औषधाचा प्रतिकार’ करणारा जंतू हा वैद्यच झाला की. प्रतिरोध चालेल, पण त्यात जीव नाही.

आणि हे सगळं घडवत बसायचं कशाला? ‘ताप औषधाला दाद देत नाही’ असं मराठी माणूस कधीपासून म्हणतोच आहे. शुद्धिवादी लगेच नाक मुरडतात, दाद फारसी म्हणून. आहेच फारसी. तिथे दाद म्हणजे न्याय, म्हणून तर आपण दाद मागतो. पारशांच्या ‘वेंदिदाद’मधला दाद हाच: देवांविरुद्धचा कायदा (त्यांच्याकडे देव म्हणजे दैत्य, हे लक्षात असू द्या). त्याचं प्राचीन रूप ‘दात’, म्हणजे घालून दिलेला नियम. मुळात धातू तोच, जो संस्कृतात ‘धा’. इराणी शाखेत ध चा मा नव्हे, ध चा द झाला, इतकंच. विधी, विधान, हित ही सगळी दादची चुलत भावंडं. आता ‘औषध’ उघडून बघा. ओषधी म्हणजे ओष अधिक धा, ही परंपरेने केलेली फोड. ती मानली, आणि मी मानतो, तर औषध आणि दाद या दोघांच्या पोटात एकच धातू निघतो! याहून शुद्ध जोडी शुद्धिवाद्यांनी मला दाखवावी.

‘दाद मैफलीत देतात, जंतूचा काय संबंध?’ असंही मला एकदा सुनावण्यात आलं होतं. वाहवा हा अर्थ मागाहूनचा. गुणाला न्याय दिला, म्हणून ती दाद. आधी न्याय, मग टाळ्या.

शिवाय या जंतूला, म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रुझीला, हा प्रयोग नेमका बसतो. त्याच्यावर मुख्य औषधं दोनच, बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स, दोन्ही गेल्या शतकातली. ती शरीरात जातात तेव्हा निद्रिस्त असतात. जंतूचंच नायट्रोरिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांना जागं करतं आणि मग ती त्याच्यावरच उलटतात. प्रयोगशाळेत औषधाच्या माऱ्यातून तगलेल्या जंतूच्या काही वाणांमध्ये, म्हणजे उपप्रकारांमध्ये, या विकराच्या जनुकाची एक प्रतच गळालेली आढळली. विकर घटलं, औषध पुरेसं जागं होईना. आणि दोन्ही औषधांची किल्ली एकच असल्याने एकाला दाद न देणारा दुसऱ्यालाही देईना. यात झुंज कुठे आहे? औषध दार ठोठावतंय आणि आत कोणी ओ देत नाही!

‘निर्माण झाली’ हेही सरसकट खरं नाही. काही वाण औषधाशी कधी गाठ पडलेली नसतानाही मुळातच कमी दाद देतात. त्यातच २०१८ मध्ये आणखी एक पेच समोर आला: पेशीत दडलेले काही जंतू विभाजन थांबवून पडून राहतात, औषधाच्या माऱ्यातून वाचतात आणि पुढे पुन्हा वाढू लागतात. हे झोपलेले, वरचे बहिरे. दोघांना एकच शब्द लावू नका. उपचार फसला म्हणजे जंतू औषधरोधीच होता, असं म्हणता येत नाही ते म्हणूनच.

हां, तुमचं वाक्य राहिलंच. ‘चागास रोगाच्या परजीवीचे काही वाण औषधांना दाद देत नाहीत.’ नामच हवं असेल तर औषधरोध लिहा.

आणि चागास नव्हे हो. १९०९ मध्ये हा रोग शोधणारे, आणि ज्यांचं आडनाव त्याला मिळालं ते डॉक्टर कार्लोस हे ब्राझीलचे, तेव्हा पोर्तुगीज उच्चार ‘शागस’. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ जखमा. मूळ लॅटिन ‘प्लागा’, आणि त्याच प्लागाचा दुसरा वंशज म्हणजे आपल्या ओळखीचा प्लेग!