आजी गप्प का झाल्या?

प्रिय डॉक्टर,

तुम्ही फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहात. हार्ट फेल्युअरच्या एका आजींना तुम्ही विचारलंत, ‘उद्या श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर लावायचा का?’ आजी गप्प झाल्या आणि मुलगा चिडला, ‘म्हणजे तुम्ही हात टेकलेत?’ तेव्हापासून हा विषय काढताना तुमची जीभ अडखळते आणि रेडिओलॉजीकडे वळावं का, असं तुम्ही विचारता.

रेडिओलॉजी मनापासून आवडत असेल तर जरूर वळा, पण या प्रसंगापायी नको. तुम्ही शेवटचा प्रश्न आधी विचारलात, मला चूक दिसते ती एवढीच. व्हेंटिलेटर कधी पाहिलाच नाही, तर तो हवा की नको हे आजींनी कसं सांगावं? आधी परवानगी घ्यायची : ‘पुढच्या आजारपणाबद्दल थोडं बोलू या का? सोबत कोण असावं?’ मग त्यांना आपल्या आजाराविषयी काय ठाऊक आहे ते ऐकायचं. कशाची धास्ती वाटते, काय करता येईनासं झालं तर जगणं नकोसं होईल, स्वतःला बोलता आलं नाही तर निर्णय कोणी घ्यावा, हे त्यानंतर. यंत्रांची नावं अगदी शेवटी, आणि तेव्हा तुमचा सल्लाही द्यायचा. सगळा भार त्यांच्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही.

२०१० साली मेलबर्नमधल्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाचे ३०९ रुग्ण होते. सहा महिन्यांत जे वारले, त्यांतल्या असं बोलणं झालेल्यांपैकी ८६ टक्के जणांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या. बाकीच्यांत हेच प्रमाण ३० टक्के होतं. मागे राहिलेल्या नातेवाइकांनाही नैराश्याचा त्रास कमी झाला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, हे बोलणं करणारे मुद्दाम शिकवून तयार केलेले होते. तुम्हाला हे कोणी शिकवलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. एखाद्या अनुभवी सरांना किंवा मॅडमना सांगा, ‘मी बोलतो, तुम्ही शेजारी बसा आणि नंतर माझं काय चुकलं ते सांगा.’

शिवाय फॅमिली डॉक्टरला सगळं एकाच बैठकीत उरकायचं नसतं, पेशंट पुन्हा येतातच. फक्त डिमेन्शियात, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू जाणाऱ्या आजारात, फार थांबू नका, तिथे विचारण्याची वेळ निघून जाते.

आजी पुढच्या वेळी आल्या की म्हणा, ‘त्या दिवशी मी घाई केली.’ मग थांबा, त्यांना बोलू द्या. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा. एखाद्या रात्री त्यांना दाखल करणाऱ्या डॉक्टरला तुम्ही भेटणार नाही, तो केसपेपरच वाचेल.