टचडाउन नंतर, आधी टार्गेट बघ

फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (NFL) खऱ्या खेळाडूंचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, पहिल्याच फेरीत वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) घेणार असशील, तर त्याच्या टचडाउनवर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्यावर) भाळू नकोस. आधी टार्गेट मोज, म्हणजे क्वार्टरबॅकने त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला ते. रिसीव्हर कूपर कपकडे २०२१ मध्ये १९१ वेळा चेंडू आला, म्हणून तर १४५ झेल आणि १,९४७ यार्ड झाले. दुसरा रिसीव्हर जस्टिन जेफरसन, त्याने २०२२ मध्ये १,८०९ यार्ड काढले, पण झेलून केलेले टचडाउन फक्त ८! टचडाउन असे वरखाली होतात. टार्गेट सहसा टिकून राहतात. तुमच्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला गुण असेल, तर मी डोळे झाकून असाच खेळाडू घेईन. क्वार्टरबॅक धडधाकट आहे ना, तेही बघ. आणि बदली रिसीव्हर हवाच. २०२२ मध्ये घोटा दुखावल्यावर कप ९ सामन्यांवरच थांबला.