'मार्क ट्वेन' म्हणजे किती पाणी?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींबद्दल वाचताना 'मार्क ट्वेन' या आरोळीचा अर्थ एके ठिकाणी 'सुरक्षित पाणी' असा दिसला, दुसरीकडे 'दोन खुणा' असा. खरा कोणता? आणि मराठीत काय म्हणावं?

'दोन खुणा' तर सोडूनच द्या. ही खोली मोजणाऱ्याची आरोळी आहे. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक माणूस उभा राहायचा, हातात दोरी, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. दोरीवर ठरावीक अंतरावर कातड्याच्या नाहीतर कापडाच्या पट्ट्या अडकवलेल्या. 'मार्क' म्हणजे ती पट्टी आणि 'ट्वेन' म्हणजे दोन. म्हणून 'दोन खुणा' नव्हे, 'दोनाची खूण'. दोन काय, तर फॅदम. एक फॅदम म्हणजे 6 फूट, म्हणजे 12 फूट पाणी.

ट्वेन हे इंग्रजीतलं जुनं, मुळात पुल्लिंगी रूप. आजचं 'टू' स्त्रीलिंगी-नपुंसकलिंगी रूपावरून आलं. आपण दोघे आणि दोघी वेगळे ठेवतो, तसाच प्रकार.

आता मराठी प्रतिशब्द. तो शोधायला लांब जायला नको, कोकण किनाऱ्यावरचे मच्छीमार पाण्याची खोली 'वाव'मध्येच सांगतात. दोन्ही हात फैलावले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. संस्कृतातला 'व्याम' तो हाच. ('संधीला वाव'मधला वाव निराळा, त्यात गल्लत नको.) गंमत म्हणजे फॅदमचाही जुना अर्थ पसरलेले हात, कवेत घेणं. तेव्हा 'मार्क ट्वेन' म्हणजे सरळ 'दोन वाव'.

पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या आरोळ्यांची. साडेदहा फूट पाणी लागलं की खोली मोजणारा ओरडे, 'क्वार्टर लेस ट्वेन', पाव कमी दोन. आपल्याकडे हे एका शब्दात आहे: पावणेदोन. पावणे म्हणजे पाद ऊन, पाव कमीच! साडेतेरा फुटांना 'क्वार्टर ट्वेन', म्हणजे सव्वादोन. पंधरा फुटांना 'हाफ ट्वेन', अडीच. इंग्रजीला जिथे दोन-तीन शब्द जोडावे लागतात, तिथे पाढे म्हटलेल्या मराठी माणसाचं एकात भागतं.

राहिला 'सुरक्षित पाणी' हा अर्थ. 12 फूट पाणी या उथळ तळाच्या बोटींना सहसा पुरून उरे, म्हणून तो चिकटला. पण आधीची आरोळी ऐकल्याशिवाय तो खरा नाही. पावणेदोन, मग दोन, मग सव्वादोन, असं चढत गेलं तर सुटकेचा श्वास. तीन, अडीच, दोन, असं उतरत आलं तर सुकाणूवरच्या माणसाच्या कपाळावर घाम. नदी गढूळ, तळ दिसायचा नाही, आणि वाळूच्या दांड्यांची जागा सारखी बदलती. आरोळी वरच्या डेकवरचा माणूस पुन्हा ओरडून पायलटच्या, म्हणजे सुकाणूवरच्या माणसाच्या, खोलीपर्यंत पोचवी.

पुढे 'मार्क ट्वेन' या टोपणनावाने गाजलेला अमेरिकन लेखक सॅम्युएल क्लेमेन्स 1857 साली पायलटच्या कामात उमेदवार म्हणून शिरला, 1859 मध्ये त्याला पायलटचा परवाना मिळाला आणि 1861 मध्ये यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक अडवली तेव्हा ते काम सुटलं. 1863 मध्ये त्याने 'मार्क ट्वेन' ही सही पहिल्यांदा वापरली ती नेवाडातल्या एका वर्तमानपत्रात, म्हणजे मिसिसिपीपासून शेकडो कोस दूर, पार रुक्ष मुलखात.

भाषांतरात टोपणनाव आहे तसंच ठेवावं. आरोळी मात्र 'दोन वाऽव!' अशी लांबवून लिहावी. ती ओरडायचीच असते.