परत गेलेला प्रीमियम

वाचकाचं पत्र: ‘अमेरिकेत एमएससाठी घेतलेल्या खासगी शैक्षणिक कर्जाचा ऑटोपे मी बंद केला आणि हप्ता दुसऱ्या बँकेतून भरू लागलो. तरी सर्व्हिसरने (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने) दोन महिने जुन्या खात्यातूनही ६४० डॉलर काढले. पैसे परत कसे मिळवू? खातं रिकामं झाल्याने इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफचा (शेअर निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याचा) महिन्याचा ५०० डॉलरचा प्रीमियमही परत गेला. पॉलिसी बंद तर पडणार नाही ना? ती घेऊन १४ महिने झालेत. कर्ज ४२,००० बाकी, व्याज साडेदहा टक्के. अविवाहित आहे.’

आधी १,२८० डॉलर. पहिली वजावट दाखवणारं स्टेटमेंट बँकेने पाठवल्यापासून ६० दिवसांत तक्रार करायची असते. तुमचे किती उरलेत ते मोजत बसू नका, आजच करा. ‘रेग्युलेशन ई’नुसार (खात्यातल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा अमेरिकी नियम) बँकेने कामकाजाच्या १० दिवसांत तपास संपवायचा, जास्त वेळ हवा असेल तर रक्कम तात्पुरती जमा करून ४५ दिवसांपर्यंत. ऑटोपे बंद केल्याचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतून भरल्याच्या पावत्या जोडा. पावत्या नसतील तर पैसे परत येतील, पण हप्ता भरलाच नाही असं धरून कर्ज थकीत दिसेल. परवानगी मागे घेतल्याचं सर्व्हिसरला लेखी कळवा. पुढच्या वजावटीच्या किमान ३ कामकाजाचे दिवस आधी बँकेला स्टॉप पेमेंट (वजावट थांबवायला) सांगा.

आता पॉलिसी. बंद पडली तर बरंच होईल!

४२,००० वर साडेदहा टक्के म्हणजे वर्षाला ४,४०० व्याज. ६४० च्या हप्त्यातले साधारण ३७० व्याजातच जातात. अशाने कर्ज आठ वर्षं चालेल. प्रीमियमचे ५०० त्यात घाला, चार वर्षांच्या आत संपेल आणि १२,००० च्या आसपास व्याज वाचेल. तेही खात्रीने. ‘आठ टक्के, करमुक्त’ असं एजंटने सांगितलं असणार. या परताव्याला वरची मर्यादा असते, निर्देशांकातला लाभांश मिळत नाही, विम्याचा खर्च कापला जातो, तो बाजार पडला तरी. आणि आठ मिळाले तरी साडेदहा भरताय ना?

तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, मग विमा कोणासाठी? आईवडिलांना पैसे पाठवत असाल तर साधी टर्म पॉलिसी घ्या, ५०० च्या एका छोट्या तुकड्यात भागेल.

भरलेले ७,००० बहुतेक गेले. इतक्या लवकर सरेंडर केल्यावर हाती फारसं लागत नाही. पण ते वसूल करायला आणखी ६,००० दरवर्षी ओतू नका. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा. एजंट रंगीत तक्ता घेऊन येईलच. त्यातला ‘गॅरंटीड’ (खात्रीच्या रकमेचा) रकाना त्याला मोठ्याने वाचायला सांगा.