‘ग्लीन’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? ते ‘कलेक्ट’च्या जागी वापरलं तर चालतं का?

नाही चालत. शब्दकोशात तुम्हाला ‘गोळा करणे’ एवढंच सापडलं असेल, म्हणून हा घोळ झाला असावा. मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेत इंग्रजी शिकवतो. वर्गात हा शब्द आला की मी पोरांना फक्त ‘सरवा’ म्हणतो, आणि शेतकऱ्या-मजुरांच्या घरची पोरं लगेच समजतात.

गव्हाची सोंगणी झाली, पेंढ्या खळ्यावर गेल्या की ज्यांना स्वतःचं वावर नाही अशा बाया मालकाला विचारून आत शिरतात. धसकटं पायाला टोचत असतात. वाकून एकेक ओंबी उचलायची, ओट्यात टाकायची, पुढं सरकायचं. घरी आणून बडवायचं, पाखडायचं. शेर-पायली जे निघेल ते आपलं. यालाच सरवा वेचणं म्हणतात, आणि ‘ग्लीन’चा मूळ अर्थ हाच. पीक दुसऱ्यानं काढून नेलेलं असतं, मागं थोडंसं विखरून उरलेलं असतं आणि ते कष्टानं वेचावं लागतं. ‘कलेक्ट’मध्ये यातलं काहीच येत नाही.

आपल्याकडच्या माणसाची चूक कापसापाशी होते. आपण कापूसही वेचतो आणि सरवाही वेचतो, म्हणून दोन्हीला ‘ग्लीन’ लावावंसं वाटतं. पण कापसाच्या वेचणीला इंग्रजीत ‘पिक’. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला, कापूस वेचला तरी ‘पिक’च, कारण तेही मालकाचंच पीक. सगळं आटोपल्यावर पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, राहिलेली चुकार बोंडं कुणी गरिबानं वेचली, तर ते ‘ग्लीन’.

सरवा हा गरिबाचा हक्क आहे ही समजूत फार जुनी. बायबलच्या जुन्या करारात तर शेतकऱ्याला स्पष्ट सांगितलंय की वावराच्या कडेचं पीक पूर्ण कापू नको, पडलेलं वेचू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोड. इंग्लंडात हा वाद कोर्टात गेला. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईविरुद्धच्या खटल्यात 1788 साली न्यायाधीशांनी बहुमतानं ठरवलं की सरवा वेचण्याचा असा कायदेशीर हक्क नाही. तरी वेचणं काही थांबलं नाही. पुढंही कितीतरी गावांत सकाळी घंटा वाजायची आणि मगच सगळ्यांनी वावरात शिरायचं, म्हणजे कुणी आधी जाऊन सगळं उचलू नये. मला तो निकाल आजही अन्यायाचाच वाटतो.

आता हा शब्द जास्त करून माहितीसाठी येतो, आणि तिथंही सरव्याचाच हिशेब लावा. तलाठ्यानं विचारल्याबरोबर सांगितलं की विहीर अमक्याच्या नावावर आहे, तर ते ‘ग्लीन’ नाही. तिथं ‘लर्न’ किंवा ‘फाइंड आउट’ पुरतं. पण तुम्ही जुने फेरफार चाळले, दोन म्हाताऱ्यांशी बोललात, शेजारच्या सातबाऱ्यावरची नोंद पाहिली आणि तुकड्या-तुकड्यानं कळलं, तर खुशाल लिहा: ‘वी ग्लीन्ड धिस फ्रॉम ओल्ड रेकॉर्ड्स.’

माहिती कुठून मिळाली ते सांगताना ‘फ्रॉम’ लावा. ‘ग्लीन अबाउट द वेल’ असं लिहू नका. माहिती हे थेट कर्म असतं, म्हणून ‘ग्लीन इन्फर्मेशन अबाउट द वेल’. भूतकाळ साधा, ‘ग्लीन्ड’. बोलण्यापेक्षा लिखाणात, बातम्या-अहवालांत जास्त दिसतो, त्यामुळे बाजारात भाजी घेताना वापरायचा शब्द हा नव्हे.

आणि परीक्षेत शेवटचं अक्षर नीट पाहा. ‘एन’च्या जागी ‘एम’ आलं की ‘ग्लीम’ होतं, म्हणजे चमकणे. उताऱ्यात हे दोन शब्द बरीच पोरं उलटसुलट करतात.