अंगठा लागत नाही

प्रश्न : माझ्या विज्ञानकथेत २०९० सालच्या इंदुरात सगळं धान्य एका यंत्राच्या ताब्यात आहे आणि ते गरिबांना मुद्दाम उपाशी ठेवतं. वाचणारे म्हणतात, खलनायक पटत नाही. काय बदलू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी ‘मुद्दाम’ काढा. यंत्राला दुष्टपणा लागत नाही, एक आकडा पुरतो. धान्य देण्याआधी बोटांचे ठसे जुळवणारं यंत्र बोटाची रेषा कुठे संपते, कुठे फुटते ते बिंदू ताडून गुण देतं. किती गुणांना ‘हाच तो’ म्हणायचं, हे माणसं ठरवतात. ती मर्यादा वर नेली की तोतये कमी होतात, पण खरे लोकही जास्त परत जातात. समजा, एका वॉर्डात २०,००० माणसं आणि चूक १ टक्का. म्हणजे २०० जण. अहवालात मात्र ९९ टक्के यश! शिवाय हे २०० दर महिन्याला नवे नसतात. बहुतेक तेच ते असतात, सिमेंटनं, धुण्याभांड्यांनी रेषा झिजलेले. तुमची कथा इथे आहे.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानासमोर एक गवंडी उभा करा. तो बोट पुसतो, केसांवर घासून जरा तेलकट करतो (कोरडं बोट नीट उमटत नाही), पुन्हा टेकवतो. दुकानदार भला असू द्या. गोणी समोर आहे, पण पावती निघाल्याशिवाय त्याला देता येत नाही. तक्रारीच्या खिडकीवरही आधी अंगठाच मागतात. हुकूमशहाचं चार पानी भाषण असेल, तर ते कापाच.