ग्राइंडर घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. झाड तोडल्यावर राहिलेला बुडखा काढायचं मशीन, म्हणजे स्टंप ग्राइंडर, घ्यायचं तुझ्या मनात आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, आणि काका हो म्हणाले की पुढं जायचं, असं लिहिलंयस. मशीन चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण तू आमच्याबरोबर आलास तो फांद्या ओढायला आणि दोर धरायला. आमचा दिवस खरा कुठं जातो हे तू अजून बघितलेलं नाहीस. ते आधी सांगतो, मग मशीनचं बोलू.

झाड कापायच्या आदल्या दिवशी मी एकटा जाऊन येतो. त्या तासाचे पैसे कुणी देत नाही, पण माझ्या लेखी धंदा म्हणजे तोच तास. आपल्या कोल्हापुरात ताराबाई पार्कात किंवा रुईकर कॉलनीत एखाद्या जुन्या गुलमोहराखाली उभा राहिलास तर वर बघायच्या आधी खाली बघ. बुंध्याला चिकटून कठीण, पंख्यासारखी अळंबी आली असेल तर आत कुज आहे असं धरून चाल. कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट अंगानं खोड चारी बाजूंनी ठोकून बघ. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोकळ बुंधा घुमतो. घुमणाऱ्या झाडावर मी माणूस चढवत नाही, क्रेन मागवतो. मालकाला क्रेनचं भाडं जास्त वाटलं तर नमस्कार करून परत येतो.

मग मुळांकडं बघ. गुलमोहराची मुळं खोल जात नाहीत, उथळ पसरतात. आपल्याकडं ड्रेनेजला, केबलला, पाण्याच्या लाइनला रस्ता उकरतात तेव्हा एका अंगाची मुळं तुटतात, वरून काँक्रीट ओतलं की ते कुणाला दिसतही नाही. झाड त्यानंतर दोन-तीन वर्षं हिरवंगार उभं असतं. मग एप्रिल-मेमधल्या एखाद्या दुपारी वळीव येतो आणि झाड मुळासकट आडवं होतं. लोक वाऱ्याला दोष देतात. पाया आधीच कापलेला असतो. म्हणून शेजाऱ्यांना विचारत जा, इथं रस्ता कधी उकरला होता, कुठल्या बाजूनं. बुंध्याजवळची माती एका अंगाला भेगाळलीय का, उचललीय का, ते बघ. 2019 आणि 2021 च्या महापुरात नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी या भागांत पाणी होतं. तिथं काम असेल तर पुराच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि किती दिवस राहिलं, हेही विचार.

नंतर वर बघ. वाळलेली फांदी कुठं अडकलीय, तार कुठून जाते, ढोलीत पोपट किंवा घुबड आहे का, बगळ्यांची घरटी आहेत का. पिल्लं असतील तर काम पुढं ढकलायचं, मालक कितीही घाई करू दे. आणि आग्या मोहोळ. चेनसॉच्या आवाजानं आणि हादऱ्यानं आग्या उठला की वर बेल्टनं बांधलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ दिसलं की काम थांबवायचं आणि जाणत्या मधपाळाला बोलवायचं. विजेच्या तारेजवळचं झाड असेल तर महावितरणच्या वायरमननं समोर उभं राहून लाइन बंद केल्याशिवाय चेनसॉचा दोर ओढायचा नाही. ओली फांदी आणि ओला दोर दोन्हींतून करंट उतरतो. "पटकन हून जाईल" म्हणणारा माणूस त्या वेळी खाली उभा असतो, हे ध्यानात ठेव.

कामाच्या दिवशी आम्ही साडेसहाला जागेवर असतो. उन्हाळ्यात उंचावरचं सगळं काम दुपारी बाराच्या आत उरकायचं, हा माझा नियम आहे. तीननंतर पन्हाळ्याच्या बाजूला आभाळ काळं व्हायला लागलं की वारा कुठून फिरेल ते सांगता येत नाही. उरलेली दुपार खालची तोड, ओंडके करणं, गाडी भरणं यात जाते. संध्याकाळी चेनसॉ मशीन साफ करायचं, एअर फिल्टर झटकायचा, गोल कानशीनं चेनच्या एकेका दाताला धार लावायची. रस्त्याकडेच्या झाडांत क्लासच्या आणि दवाखान्याच्या पाट्यांचे खिळे असतात. साल त्यांच्यावर चढलेली असते, बाहेरून काही कळत नाही. चेन लागली की ठिणगी उडते आणि अर्ध्या दिवसाची धार एका क्षणात जाते. म्हणून कापायच्या जागेवर आधी हात फिरव. साल कुठं फुगलीय, कुठं गाठ आलीय, ते बोटांना कळतं.

आता प्रत्यक्ष कापणं. झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर, काप घालत यायचं आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी पट्टी न कापता ठेवायची. दोन फुटी खोड असेल तर साधारण अडीच इंच. झाड त्या बिजागरीवर वळून खाली येतं. ती पट्टी कापून टाकणारे मी बघितलेत. मग झाडाला दिशा राहत नाही, ते मनाला येईल तिकडं जातं. पाचर मारायला तयार ठेव, आणि मागं तिरपी पळवाट आधीच झाडून मोकळी करून ठेव. नारळाला मात्र हे सगळं लागू नाही. त्याच्या रेषाळ खोडाची बिजागरी भरवशाची नसते, म्हणून घरांच्या दाटीत नारळ शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं उतरवायचा.

जाड फांदी कापताना आधी खालून एक काप, मग त्याच्या थोडं पुढं वरून, आणि राहिलेला ठोंब शेवटी. थेट वरून कापलास तर फांदी साल सोलत खाली येते आणि खोडाला लांबलचक जखम होते. झाड राहणार असेल तर ती जखम त्याला जन्मभर पुरते. शेवटचा काप खोडाला घासून घेऊ नकोस. फांदीच्या बुडाशी फुगीर गळा असतो, त्याच्या बाहेर घे. झाड तिथूनच जखम भरून काढतं.

चेनसॉ मशीन खांद्याच्या वर उचलायचं नाही, एका हातानं चालवायचं नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन तोंडाकडं उसळतं. दोर कधी हाताला गुंडाळू नकोस, शेजारच्या खोडाला दोन वेढे दे आणि वजन त्या वेढ्यांवर सोड. खाली एकाच माणसाचा आवाज असला पाहिजे. चौघं चार गोष्टी ओरडायला लागले की वरचा माणूस एकही ऐकत नाही.

वळवात पडलेल्या झाडाचं वेगळं सांगतो, कारण तशा रात्री फोन आला की पोरं उत्साहानं धावतात. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा धोकादायक असतं. भिंतीवर किंवा गाडीवर आडवं पडलेलं खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं. कुठली बाजू ताणलीय आणि कुठली दाबली गेलीय ते ओळखायचं, दाबलेल्या बाजूला थोडा काप घ्यायचा आणि मग ताणलेल्या बाजूनं हळूहळू सोडवायचं. मुळासकट उपटलेलं झाड असेल तर मातीचा तो मोठा गड्डा उभा राहिलेला असतो. खोड कापून वजन कमी झालं की गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. खड्ड्यात किंवा गड्ड्यामागं कुणी उभं राहायचं नाही, सेल्फी काढणाऱ्यालाही हटकून बाहेर काढायचं.

आता तुझ्या मशीनबद्दल. झाड गेल्यावर बुडखा राहतो. जेसीबीनं उपटला तर बुडख्याबरोबर कंपाउंडचा पाया हलतो आणि पाण्याची लाइन फुटते. एका बंगल्यात असंच झालं, आणि बुडख्याच्या खर्चापेक्षा भिंतीचा खर्च जास्त आला. स्टंप ग्राइंडरच्या चाकावर कार्बाइडचे दात असतात. चाक डावीकडून उजवीकडं फिरवत, थोडं थोडं खाली उतरवत बुडखा भुग्यासारखा करत जायचं. लॉन करायचं असेल तर सहा-आठ इंच खोली पुरते, फरशी घालायची असेल तर फूटभर जावं लागतं. पण इथंही तोच आधीचा तास हवा. आजूबाजूची माती हातानं उकरून दगड, विटांचे तुकडे, पेव्हिंग ब्लॉकची कडा काढून टाक, नाहीतर दात जातात आणि दगड गोळीसारखा उडतो. समोर काच असेल, गाडी असेल, पोरं खेळत असतील तर प्लायवूड उभं कर. केबल, पाण्याची लाइन, गॅसची पाइप कुठून गेलीय ते मालकाला विचार, आणि त्याच्या "नाही, इथं काही नाही" वर विश्वास ठेवू नकोस.

भुसा निघतो तो बुडख्याच्या कितीतरी पट दिसतो. तोच खड्ड्यात दाबून वर नवं रोप लावू नकोस. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळं पडतं. भुसा काढ, माती भर, रोप चार-पाच फूट बाजूला लाव. निलगिरी आणि सुबाभूळ बुडख्यातून पुन्हा फुटतात, तिथं ग्राइंडरचा खरा उपयोग आहे. मळ्यात मालकाला घाई नसेल आणि बुडखा वाटेत येत नसेल तर राहू दे, असं तूच सांग. काम गेलं तरी चालेल.

पैशाचं बोलतो. आपल्याकडं "मजुरी नको, लाकूड आमचं" असा सौदा सर्रास चालतो. मी तो करत नाही आणि तूही करू नकोस. लाकडावर पोट असलेल्या माणसाला हिरव्या झाडात टनाचा भाव दिसायला लागतो. मालकानं दोन फांद्या उतरवायला बोलावलं तर तो "झाड धोक्याचं आहे" म्हणतो. मजुरी रोख ठरव, लाकूड वखारीत वजन करून वेगळं धर. बरीचशी झाडं छाटणीनं वाचतात. वाचणारं झाड वाचवायचं सांगितलंस तर मालक पुढच्या वेळी तुलाच बोलावतो, हा माझा अनुभव आहे.

परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाड जाळणं किंवा इजा करणंही तोडण्यातच धरलंय, म्हणून मुळात अॅसिड ओतायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दारातूनच परत फिर. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांच्या वरची झाडं वारसा म्हणून वेगळी धरलीत, त्यांच्या बाबतीत जास्त कडक आहे. गावाकडं 1964 चा कायदा लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ आपल्याच शेतात असले तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. परवानगीची झेरॉक्स खिशात ठेव. येणाजाणारा "झाड का तोडताय?" म्हणून अडवेल, त्याच्यावर चिडू नकोस. त्याला झाडाची काळजी आहे. कागद दाखव, कुजलेला बुंधा दाखव, शांतपणे सांग. वडापिंपळाला हात लावायला आपला एखादा गडी नको म्हणाला तर त्याला त्या दिवशी दुसरीकडं पाठव.

तर मशीन यंदा घेऊ नकोस. वर्षभर माझ्याबरोबर ये, आदल्या दिवशीच्या पाहणीला ये, बुडख्याच्या कामाला मशीन भाड्यानं आणू. उद्यमनगरात दातांना धार कोण नीट लावतं ते मी दाखवतो. कर्जाच्या आधी स्वतःच्या पैशानं चांगला बेल्ट, हेल्मेट, डोळ्यांची जाळी, कानाचे मफ आणि मांडीवरचं चेन अडवणारं कापड घे. त्यात कंजूसपणा करू नकोस. आईला हे पत्र वाचून दाखव, तिला काळजी असणार.

सोमवारी कळंब्याजवळ एक रेन ट्री बघायला जायचंय. सकाळी सहाला कावळा नाक्यावर थांब, बूट घालून ये.

तुझा
काका